तो प्रकाश कुणासाठी निघाला होता?

दुर्बीणवाला (प्रश्न)

माझ्याकडे आठ इंची आरशाची दुर्बीण आहे. अकरा वर्षं झाली, अमावास्येच्या आसपास आकाश निरभ्र असलं की ती उघड्यावर मांडतो आणि जो येईल त्याला दाखवतो. गुरूचे चार चंद्र, शनीची कडी, कृत्तिकांचा पुंजका, जे त्या रात्री वर असेल ते. देवयानी दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा दुसरा अफाट समूह, दिसण्याच्या दिवसांत ती मात्र शेवटी ठेवतो, कारण तोवर लोकांचे डोळे अंधाराला सरावलेले असतात.

पहिल्यांदा बघणाऱ्याची तिथे हमखास निराशा होते. फोटोत पाहिलेली रंगीत तबकडी तिथे नसतेच. काचेवर कुणी हलकेच उच्छ्वास सोडावा तसा एक पांढुरका डाग असतो, मधे जरा दाट, कडेला विरत गेलेला. मी सांगतो, त्याच्याकडे थेट बघू नका, किंचित बाजूला बघा. डोळ्याच्या अगदी मध्यावर मंद उजेड टिपणाऱ्या पेशी नसतात, त्या आजूबाजूला असतात. नजर जराशी सरकवली की तो डाग एकदम पसरतो आणि माणूस "अरे!" म्हणतो. त्या "अरे!"साठी मी अकरा वर्षं ही जड नळी उचलतो आहे.

गेल्या वेळी नऊ-दहा वर्षांची एक मुलगी आजोबांबरोबर आली होती. स्टुलावर उभी राहून बराच वेळ बघत राहिली. मी नेहमीचं सांगितलं, की हा प्रकाश तिथून निघाला त्याला सुमारे २५ लाख वर्षं झाली, आणि आपली माणसाची जात पृथ्वीवर येऊन जेमतेम ३ लाख. तिनं डोळा न हलवता विचारलं, "म्हणजे तो निघाला तेव्हा आपण नव्हतोच? मग तो कुणासाठी निघाला?"

मी गप्प झालो. आजोबा म्हणाले, "बाळा, देवाला ठाऊक होतं ना, तू येणार आहेस ते." मागे रांगेत कॉलेजातला एक मुलगा उभा होता. तो म्हणाला, "काका, म्हणूनच धर्म पटत नाहीत. एवढ्या अफाट पसाऱ्यात माणसानं स्वतःला मधोमध बसवलं आणि त्याला शोभेल असा देव रचला." आजोबा चिडले, तो मुलगाही इरेला पेटला. मी दोघांना शनी दाखवून वेळ मारून नेली.

घरी येऊन विचार करत बसलो. ते दोघं भांडत होते खरे, पण एका गोष्टीवर दोघांचं एकमत होतं: धर्म म्हणजे 'हे सगळं माणसासाठी आहे' असं मानणं. आजोबांना ते खरं वाटतं, त्या मुलाला खोटं. पण धर्म खरंच तसं म्हणतो का?

मी श्रद्धावान आहे, हे आधीच सांगतो. रोज सकाळी प्रार्थना करतो आणि ती सवयीनं करत नाही. बायबलमध्ये पहिल्याच अध्यायात माणसाला सगळ्या जिवांवर सत्ता दिली आहे, हे माहीत आहे. कुराणात माणूस पृथ्वीवरचा खलिफा, म्हणजे ईश्वराचा प्रतिनिधी, आहे. आपल्याकडे चौऱ्याऐंशी लक्ष योनींनंतर मिळणारा दुर्लभ नरदेह. म्हणजे त्या मुलाचं म्हणणं अगदी हवेतलं नाही. पण दुर्बिणीला डोळा लावून मी प्रार्थना करतो (करतो, खोटं कशाला सांगू), तेव्हा 'हे माझ्यासाठी आहे' असं मला एकदाही वाटलेलं नाही. उलटच वाटतं. मग माझी श्रद्धा चुकीची, की त्या दोघांची समजूत?

वाचलेल्या, विचार केलेल्या लोकांनी मोकळेपणानं सांगावं. त्या मुलीला मला उत्तर द्यायचं आहे. ती पुन्हा येणार आहे.

जुनी वही

तुमच्या रांगेतल्या मुलानं 'मधोमध' हा शब्द वापरला, तिथूनच सुरुवात करतो, कारण या एका शब्दानं फार घोटाळा केला आहे.

शाळेत आपण सगळे एक गोष्ट शिकलो. पूर्वी लोक पृथ्वी विश्वाच्या मध्यभागी मानत, म्हणून माणूस स्वतःला राजा समजे. १५४३ साली कोपर्निकसनं सूर्य मध्ये ठेवला आणि माणसाचा तोरा उतरला. ऐकायला छान आहे. पण मध्ये असणं म्हणजे मानाचं असणं, हे त्या काळच्या माणसाच्या डोक्यातच नव्हतं. सिंहासन मध्यभागी असतं, ही आपली कल्पना आपण त्यांच्यावर लादतो.

ॲरिस्टॉटलच्या मांडणीत पृथ्वी मध्ये का आहे? कारण जे जड आणि नासणारं आहे ते खाली जाऊन साचतं, आणि 'खाली' म्हणजे विश्वाचा मध्य. चंद्राच्या वरचं सगळं शुद्ध, न बदलणारं. चंद्राच्या खालचं सगळं जन्मणारं आणि सडणारं. मध्य हा तळ होता. इटालियन कवी दांते यानं चौदाव्या शतकात आपल्या काव्यात नरक पृथ्वीच्या पोटात रचला आणि सैतानाला नेमका तिच्या मध्यबिंदूवर रुतवून ठेवला. म्हणजे त्या विश्वाच्या केंद्रावर कोण बसलं आहे ते बघा! पुढे १६१० मध्ये गॅलिलिओ पृथ्वीला इतर ग्रहांसारखं तेजस्वी, फिरतं ठरवू लागला तेव्हा त्यानं काय लिहिलं? की पृथ्वी म्हणजे विश्वातली घाण आणि गाळ साचण्याची जागा नव्हे. त्याच्या लेखी पृथ्वीला मध्यातून काढणं ही तिची बढती होती.

लहानपणाची जाणीवही नवी नाही. दुसऱ्या शतकात खगोलशास्त्रज्ञ टॉलेमी पृथ्वी मध्यभागी मानत होता, तरी त्यानं स्वच्छ लिहून ठेवलं आहे की ताऱ्यांच्या गोलापुढे पृथ्वी एका बिंदूएवढी आहे. युरोपात हजारभर वर्षं शिकलेला माणूस हे वाचतच मोठा झाला. त्याला दुर्बीण लागली नाही.

आणि धर्मसत्तेची एक जुनी नोंद. १२७७ साली पॅरिसच्या बिशपनं काही मतांवर बंदी घातली. त्यात एक मत होतं, 'ईश्वर एकाहून अधिक विश्वं निर्माण करू शकत नाही.' म्हणजे हे एकच विश्व शक्य आहे असं म्हणणाऱ्याला बिशपनं चूक ठरवलं. १४४० मध्ये निकोलस ऑफ कूसा यानं लिहिलं की विश्वाला केंद्रच नाही आणि पृथ्वी तर ते केंद्र नाहीच. या माणसाला पुढे कार्डिनल, म्हणजे चर्चचा अगदी वरचा धर्माधिकारी, केलं गेलं. कोपर्निकस स्वतः चर्चचा पदाधिकारी होता.

मग १६३३ चा गॅलिलिओचा खटला? तो झाला, आणि तो अन्यायच होता, त्याची मी भलामण करणार नाही. पण त्या भांडणाचा गाभा मुख्यतः हा होता की ग्रंथाचा अर्थ कुणी लावायचा. यहोशवानं सूर्याला थांबायला सांगितलं असं बायबलात आहे, मग सूर्य स्थिर कसा? माणूस लहान होतो म्हणून कुणी आरोपपत्र ठेवलं नव्हतं.

तेव्हा नकाशातलं केंद्र विसरा. धर्माला त्याची गरज कधी फारशी नव्हती.

विवेकवाट

'जुनी वही' यांचा प्रतिसाद आवडला, त्यातून शिकायलाही मिळालं. पण तो प्रश्नाला बगल देतो असं मला प्रामाणिकपणे वाटतं. रांगेतला तो मुलगा भूगोलाबद्दल बोलत नव्हता. नकाशातलं केंद्र सोडायला धर्माला फार जड गेलं नसेलही. गोष्टीतलं केंद्र मात्र तो सोडत नाही. विश्व कितीही मोठं करा, कथानक आपलंच असतं.

१५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये भूकंप झाला, हजारो माणसं गेली. गांधीजी म्हणाले, ही अस्पृश्यतेच्या पापाची ईश्वरानं दिलेली शिक्षा आहे. रवींद्रनाथ टागोरांनी जाहीर विरोध केला. त्यांचं म्हणणं होतं की भौतिक आपत्तीचं कारण भौतिक घटनांतच असतं आणि नीतीची गाठ भूकंपाशी मारणं धोक्याचं आहे. अस्पृश्यता पाप आहे याबद्दल दोघांत तसूभर मतभेद नव्हता, हे लक्षात घ्या. प्रश्न एवढाच होता, की जमिनीच्या पोटातले खडक आपल्या वागण्याचा हिशेब ठेवतात का. मला गांधीजींबद्दल अतोनात आदर आहे आणि तरी या वादात मी टागोरांच्या बाजूनं उभा आहे. कारण ज्या क्षणी मी म्हणतो 'हा भूकंप आमच्या पापामुळे', त्या क्षणी कोट्यवधी वर्षं सरकत आलेले भूखंड मी माझ्या गोष्टीतलं एक पात्र करून टाकतो. याला माणूस केंद्रस्थानी ठेवणं म्हणणार नाही, तर कशाला म्हणणार?

झेनोफेनिस नावाचा ग्रीक विचारवंत अडीच हजार वर्षांपूर्वी म्हणून गेला की बैलांना आणि घोड्यांना हात असते, चित्रं काढता आली असती, तर त्यांनी बैलांसारखे आणि घोड्यांसारखे देव काढले असते. मला अजून याला उत्तर सापडलेलं नाही.

एक मात्र कबूल करतो. हा दोष एकट्या धर्माचा नाही. 'माणूस हाच सगळ्याचा मापदंड' हे प्रोटॅगोरस या ग्रीक तत्त्वज्ञानं म्हटलं, आणि देवांबद्दल आपल्याला काही सांगता येत नाही असंही त्यानंच म्हटलं. देव न मानणारे आम्हीही नद्या आणि जंगलं आमच्या मालकीची असल्यासारखी वापरतो. इतिहासकार लिन व्हाईट यांनी १९६७ साली पर्यावरणाच्या संकटाचं मूळ पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरेच्या माणूसकेंद्री विचारात दाखवलं. ते वाचून मला आधी बरं वाटलं होतं. पण त्याच लेखाच्या शेवटी त्यांनी असिसीच्या फ्रान्सिस या ख्रिस्ती साधूला पर्यावरणवाद्यांचा संत करा असं सुचवलं आहे, म्हणजे उताराही धर्मातच शोधला. ते वाचून मी बराच वेळ विचारात पडलो होतो.

दुर्बीणवाले, तुम्हाला सरळ विचारतो. दुर्बिणीपाशी तुम्ही लहान होता, मान्य. पण संकटात प्रार्थना करता तेव्हा? तेव्हा कोण मध्ये असतं?

दुर्बीणवाला

विवेकवाट, तुम्ही नेमकं तिथेच बोट ठेवलंत. हे मी कुणाशी फारसं बोललेलो नाही, पण प्रश्न मीच विचारला आहे, तेव्हा लपवून उपयोग नाही.

सात वर्षांपूर्वी माझी मुलगी सहा वर्षांची होती. मेंदूज्वर झाला. चार रात्री अतिदक्षता विभागात होती. बाहेर बाकावर आम्ही आईबाप, आणि आमच्याच बाकावर आणखी एक बाई. तिचा मुलगा नऊ नंबरच्या खाटेवर, आमची दहावर. काचेतून दोन्ही खाटा एकदम दिसत. त्या बाईच्या हातात जपाची माळ होती, मणी झिजून गुळगुळीत झालेली. तिसऱ्या रात्री मला रडू आवरेना, तेव्हा तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला होता. माझ्या धर्माची ती नव्हती. तिचे शब्द वेगळे होते, पण ती तेच मागत होती जे मी मागत होतो.

चौथ्या पहाटे तिचा मुलगा गेला. त्यानंतर दोनएक तासांनी डॉक्टर बाहेर येऊन आम्हाला म्हणाले, धोका टळला. मी तिथेच गुडघ्यांवर बसलो आणि मोठ्यानं म्हणालो, "देवा, तू माझं ऐकलंस."

ती अजून तिथेच होती. कागदांवर सह्या करायच्या राहिल्या होत्या. तिनं माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, असता तर बरं झालं असतं.

मुलगी आता तेरा वर्षांची आहे, ठणठणीत आहे. त्या सकाळी मी देवाचे आभार मानले यात मला आजही चूक वाटत नाही. पण 'माझं ऐकलंस' म्हणालो तेव्हा पुढचं अर्धं वाक्यही मी म्हणून गेलो होतो, 'आणि हिचं नाही.' दीर्घिका चालवणारा माझ्या खाटेपाशी थांबला आणि शेजारची ओलांडून गेला, असं मी एका आईच्या तोंडावर म्हणालो. तुम्ही विचारलंत कोण मध्ये असतं. त्या सकाळी मी होतो.

म्हणून त्या मुलीच्या प्रश्नानं मी इतका हललो. आजोबांसारखं 'तुझ्यासाठी' म्हणायला माझी जीभ उचलत नाही.

ओवी

दादा, तुमचं लिहिणं वाचून बराच वेळ काही लिहावंसं वाटलं नाही.

माझे वडील अपघातात गेले, त्यानंतर वर्षभर मी निरनिराळ्या धर्मांचे ग्रंथ वाचत होते. अभ्यास वगैरे नव्हता तो. मला फक्त एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं, आम्हीच का? कुठल्या तरी पानावर ते लिहिलेलं सापडेल असं वाटायचं. उत्तर मिळालं नाही. पण त्या वाचनात एक गोष्ट दिसली, आणि ती तुमच्या प्रश्नाच्या फार जवळची आहे.

बायबलमध्ये ईयोब नावाच्या माणसाचं पुस्तक आहे. सज्जन माणूस, एका फटक्यात सगळं गमावतो, अंगभर फोड, राखेत बसलेला. मित्र येतात आणि म्हणतात, तू काहीतरी पाप केलं असणार. (म्हणजे विवेकवाट यांनी सांगितलेला भूकंपाचा युक्तिवाद, तोच.) ईयोब ऐकत नाही, थेट देवालाच जाब विचारतो. अडतिसाव्या अध्यायात देव वावटळीतून बोलतो. मी श्वास रोखून वाचत होते, की आता तरी कारण सांगेल. तो कारण सांगतच नाही. विचारतो, मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास? आणि मग ओळीनं चार अध्याय रानबकऱ्या कधी वितात, शहामृग अंडी कशी टाकून जातं, ससाणा कसा झेपावतो, समुद्रातला तो प्रचंड प्राणी. त्या भाषणात माणसाला जवळजवळ जागाच नाही. आणि त्यात एक ओळ आहे जिच्यापाशी मी थांबले. जिथे कुणी माणूस राहत नाही, त्या ओसाड रानावर पाऊस कोण पाडतो?

तुमच्या दुर्बिणीपाशी आलेल्या त्या मुलीचा प्रश्न वाचला आणि हीच ओळ आठवली. कुणीही नाही तिथे पडणारा पाऊस, कुणीही नव्हतं तेव्हा निघालेला प्रकाश. त्या पुस्तकाच्या लेखी देव हे करतो आणि ते त्याला वाया गेलेलं वाटत नाही.

त्यानंतर मी प्रत्येक ग्रंथात हेच शोधू लागले, आणि सापडत गेलं. कुराणात चाळिसाव्या सूरेत (अध्यायात) आहे की आकाश आणि पृथ्वीची निर्मिती माणसांच्या निर्मितीपेक्षा मोठी आहे, पण बहुतेकांना ते कळत नाही. सहाव्या सूरेत आहे की जमिनीवरचे प्राणी आणि पंखांनी उडणारे पक्षी हेही तुमच्यासारखेच समुदाय आहेत. बाराव्या शतकातला ज्यू धर्मपंडित मायमोनिडीज स्पष्ट लिहितो, की सगळं काही माणसासाठी अस्तित्वात आहे असं मानू नये, प्रत्येक गोष्ट तिच्या स्वतःसाठी आहे. तुम्ही उल्लेख केलेल्या बायबलच्या त्याच पहिल्या अध्यायात उजेड, समुद्र, झाडं, मासे, पक्षी हे सगळं माणूस येण्याआधीच 'चांगलं आहे' असं म्हटलं गेलं आहे. लोक सत्तेचं वाक्य पाठ करतात आणि ही वाक्यं ओलांडून जातात.

आपल्याकडे ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा. संकल्पात आधी ब्रह्मदेवाच्या आयुष्याचं दुसरं परार्ध, मग श्वेतवाराह कल्प, वैवस्वत मन्वंतर, अठ्ठाविसाव्या फेरीतलं कलियुग, असं उतरत उतरत शेवटी आजची तिथी आणि आपलं नाव येतं. एवढ्या मोठ्या काळात आपण नक्की कुठे उभे आहोत ते सांगून मगच 'मी' म्हणायचं.

आणि दुर्लभ नरदेहाबद्दल. बुद्धांनी दिलेला दाखला असा, की समुद्रावर एक भोक असलेलं जू वाऱ्यानं इकडेतिकडे हेलकावतं आहे, आणि एक आंधळं कासव शंभर वर्षांतून एकदा वर येतं. त्याची मान नेमकी त्या भोकात शिरणं जेवढं अवघड, तेवढा मनुष्यजन्म अवघड. यात समुद्र कासवासाठी आहे असं कुठेच म्हटलेलं नाही. संधी मिळाली आहे, तिचं काय करतोस, एवढंच विचारलं आहे. जैन विचारातही मोक्ष मनुष्यगतीतूनच मिळतो. पण मातीच्या, पाण्याच्या कणांतही जीव मानले आहेत, आणि ती दुर्लभ संधी मिळालेल्या माणसावर त्या कणाला न दुखवण्याचं बंधन येतं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. ज्याला जास्त दिलं आहे त्याच्याकडे मागणंही जास्त आहे.

पण दादा, दुसरी बाजू सांगितली नाही तर मी खोटी ठरेन. याच ग्रंथांत देव माणसाचं नाव घेऊन बोलावतो. बायबलमधल्या आठव्या स्तोत्रात कवी रात्रीचं आकाश, चंद्र, तारे बघतो आणि विचारतो, मग माणूस तो काय, की तू त्याची आठवण ठेवावीस? तो कवी दुर्बिणीशिवाय तुमच्याच जागी उभा होता. आपण किती लहान आहोत हे त्याला कळलं आहे, आणि तरी आपली आठवण ठेवली जाते याचं त्याला नवल वाटतं आहे. वडील गेल्यावर मला पावसाच्या ओळीनं आधार दिला आणि या ओळीनंही दिला. दोन्ही एकत्र कशा बसतात ते मला अजून नीट सांगता येत नाही.

विवेकवाट

दुर्बीणवाले, मी विचारलं त्यात दुखवायचा हेतू नव्हता. तुम्ही जे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आदर.

ओवीताई, पावसाची ओळ मला माहीत नव्हती. ती वाचून मी ईयोबाचं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं, दोन रात्री लागल्या. तुम्ही म्हणता ते त्यात आहे, आणि फार उंच आहे. पण सुरुवातीला ईयोबाची दहा मुलं घर कोसळून मरतात, आणि ती मरतात ईयोबाची परीक्षा घ्यायची म्हणून. शेवटी त्याला पुन्हा सात मुलगे आणि तीन मुली होतात आणि गोष्ट संपते. त्या पहिल्या दहा जणांचं काय? वावटळीतून बोलणारा देव रानबकरीच्या पिलांबद्दल बोलतो, पण त्यांच्याबद्दल एक शब्दही नाही. त्यांच्या बाजूनं वाचलं तर त्या गोष्टीच्या मध्यभागी ईयोबच बसलेला आहे आणि ती मुलं त्याच्या गोष्टीतलं सामान आहेत. दुर्बीणवाल्यांच्या बाकावर बसलेल्या त्या आईच्या जागेवरून हे पुस्तक कसं वाचायचं?

ओवी

याला माझ्याकडे उत्तर नाही. मी ते पुस्तक कितीतरी वेळा वाचलं आणि त्या मुलांपाशी कधी थांबले नाही. नऊ नंबरच्या खाटेबद्दल वाचल्यावरसुद्धा थांबले नाही, तुम्ही दाखवल्यावर थांबले. पुन्हा वाचेन.

दुर्बीणवाला

उशीर झाला लिहायला. मधे आकाश भरून होतं, परवा उघडलं.

ती मुलगी आली होती, आजोबांबरोबरच. मी तिला देवयानी लावून दिली. ती न सांगता नजर बाजूला घेऊन बघत होती, मागच्या वेळचं लक्षात होतं तिच्या. मी म्हटलं, तुझ्या प्रश्नाचा मी विचार केला. तो प्रकाश निघाला तेव्हा तो एकाच दिशेनं निघाला नव्हता. सगळीकडे निघाला. जिथे कुणी नाही तिथेही गेला, आजही जातो आहे. त्यातला एक बारीकसा भाग, या आरशावर मावेल एवढा, आठ इंचांचा, इथे पोचला आणि तुझ्या डोळ्यात गेला. पाडणाऱ्यानं सगळीकडे पाऊस पाडावा तसं. ओवीताई, तुमचा पाऊस मी न विचारता वापरला.

ती म्हणाली, "म्हणजे माझ्यासाठी नव्हता, पण माझ्यापर्यंत आला." मी हो म्हटलं. आजोबा काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं त्यांनी स्वतःच विचारलं, मला पुन्हा दाखवता का, मागच्या वेळी मला नुसता डाग दिसला होता. त्यांना नजर बाजूला घ्यायला शिकवायला दहा मिनिटं लागली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले डोळे, पण दिसलं त्यांना. कॉलेजचा तो मुलगा आला नव्हता. आला असता तर मी त्याला म्हणणार होतो की तुझ्या बोलण्यातलं अर्धं मला पटलं आहे.

आणि विवेकवाट, त्या आईच्या जागेवरून कसं वाचायचं, हे मलाही माहीत नाही. सात वर्षं मी सकाळच्या प्रार्थनेत मुलीचं नाव घेतो आणि तिच्यासाठी आभार मानतो. ते थांबवलेलं नाही, थांबवणारही नाही. पण तुमचं लिहिणं वाचल्यापासून तिच्या नावाच्या आधी त्या मुलाचं घेतो. त्याचं नाव मी तेव्हा विचारलं नव्हतं, आता कळायला मार्ग नाही. म्हणून 'नऊ नंबरची खाट' असंच म्हणतो, आणि त्याच्या आईची माळ डोळ्यांसमोर आणतो. मागत काही नाही. तेवढं म्हणून थोडा वेळ गप्प बसतो, मग पुढचं म्हणतो.